यादीतलं चौदावं नाव

फोटो डायनिंग टेबलाचा होता. सिंगापूरमधल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर गाशा गुंडाळणारं कुणी ना कुणी असे फोटो टाकतच असे. सोफा, मिक्सर, वॉशिंग मशीन. उल्का ते सहसा न बघताच पुढे सरकवायची. पण या टेबलामागे भिंतीला टेकून गोलकीपरचे दोन पॅड उभे होते आणि डाव्या पॅडवर पिवळी चिकटपट्टी होती. ती पट्टी उल्कानंच जानेवारीत लावली होती.

पोस्ट नीता नावाच्या कुणा बाईंची होती. पॅड कॉलेजचे, आणि ते असायचे संघाच्या गोलकीपरकडे, मधुराकडे.

उल्का ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिथे प्रत्येक शिक्षकाला एखादा खेळ नाहीतर मंडळ सांभाळावं लागतं, आवड कुणी विचारत नाही. तिच्या वाट्याला मुलींची हॉकी आली. खेळ कोच राजेंद्रन बघत, कागद उल्का. जानेवारीत कागदावर अठरा मुली होत्या. मग एकीच्या वडिलांची दुबईला बदली झाली, दोघी कॉलेज सोडून पॉलिटेक्निकमध्ये गेल्या, चौथीला इंग्लंडच्या शाळेत जागा मिळाली. उरल्या चौदा. चौदापेक्षा कमी असतील तर कॉलेज संघच पाठवत नसे. दोन वर्षांपूर्वी ऐन स्पर्धेत मुली निघून गेल्या आणि उरलेल्या नऊ जणींनी सात गोल खाल्ले, तेव्हापासूनचा हा नियम. शिवाय प्रत्येक नावापुढे पालकांची सही लागे, की मुलगी शेवटच्या सामन्यापर्यंत इथेच असेल. मधुराच्या नावापुढे तिच्या वडिलांची, शैलेंद्रची, सही होती. यादी बुधवारी दुपारी बारापर्यंत स्पर्धेच्या आयोजकांना द्यायची होती.

सोमवारी उल्कानं नीताबाईंना मेसेज केला, टेबल बघायला येऊ का? उत्तरात पासिर रिसचा पत्ता आला.

दार मधुराच्या आईनं, सुलभानं उघडलं.

"टेबल बघायला आले," उल्का म्हणाली.

"या ना. सहा माणसांचं आहे."

चहा त्याच टेबलावर आला.

"नीता कोण?"

"मैत्रीण माझी. माझ्या नावानं टाकलं असतं तर तासाभरात पुण्याला सासूबाईंना कळलं असतं."

"कधी निघताय?"

"निघतोय असं नाही हो. यांचं जुरोंग आयलंडवरच्या प्लांटमधलं काम वीस तारखेला संपतंय. दोन मुलाखती झाल्यात. जमलं तर राहू, नाहीतर नोकरीबरोबर व्हिसाही जातो, महिन्याभरात निघावं लागेल. पक्कं नसताना कुणाला काय सांगायचं?"

"सही मात्र पक्की केलीत."

शैलेंद्र आतून आला. कंपनीच्या बसमधून नुकताच उतरलेला, गळ्यात अजून पास. "सही केली तेव्हा माहीत होतं मला," तो म्हणाला. "पोरीचं हे शेवटचं वर्ष आहे मॅडम. मागच्या वर्षी बाकावर बसून काढलं तिनं. राहू द्या नाव. तुम्हालाही चौदा हवेतच ना?"

हवेच होते. उल्कानं ते वाटेत ट्रेनमध्येच मोजलं होतं. फोटो बघितलाच नाही असं धरलं की यादी भरत होती, आणि खोटी सही काही तिची नव्हती. पण आलेख सरळ यावा म्हणून चुकीचं रीडिंग तसंच ठेवणाऱ्या मुलांच्या वह्या ती दरवर्षी परत पाठवायची.

तेवढ्यात मधुरा क्लासहून आली. "मॅडम? तुम्ही टेबल घेताय?"

"बघतेय. तू बोलली नाहीस काही."

मधुरानं आईकडे पाहिलं. "घरी सांगितलं होतं, बोलायचं नाही." मग बॅग खाली ठेवत म्हणाली, "माझं नाव काढलं तर तेरा. मग टीमच जात नाही."

"आणि ठेवलं, आणि तू मध्येच गेलीस, तर गोलमध्ये कोण?"

"शी येन."

शी येन म्हणजे नेटबॉल सोडून बसलेली एक मुलगी. सराव संपला की मधुरा तिला मैदानाच्या कोपऱ्यात उभी करून चेंडू मारायची. तीन आठवडे चाललं होतं. उल्काला वाटे, मुली खेळताहेत.

"तिला माहीत आहे का?"

"नाही. फॉर फन म्हणून सांगितलं. डावीकडे थोडी स्लो आहे, बाकी कॅन लाह, जमेल तिला."

"मग चौदावी ती," उल्का म्हणाली. "तुझं नाव पंधरावं लिहीन मी. पण तुझ्या बाबांनी आत्ता, माझ्यासमोर, पुन्हा सही करायची."

तिनं कागद टेबलावर ठेवला, पेन ठेवलं. शैलेंद्रनं गळ्यातला पास काढून कागदाशेजारी ठेवला. पेनाला हात लावला नाही.

"काढा नाव," मधुरा म्हणाली आणि पॅड आणायला गेली.

उल्कानं कागद उचलला. "टेबल घेते मी," ती म्हणाली.

बुधवारी साडेअकराला यादी गेली. शी येनच्या आईनं सही करताना दोनदा विचारलं, चेंडू किती कडक असतो. कोच राजेंद्रन एवढंच म्हणाले, की बारा वाजायला अजून अर्धा तास होता, थांबता आलं असतं.

नऊ दिवसांनी सुलभाचा फोन आला. शैलेंद्रला जुरोंग आयलंडवरच दुसऱ्या प्लांटमध्ये नोकरी लागली होती.

"राहतोय आम्ही," ती म्हणाली आणि थांबली. "आता मधुराचं..."

"विचारून बघते."

उल्कानं आयोजकांना पत्र लिहिलं, काही न लपवता. दोन ओळींचं उत्तर त्याच दिवशी आलं. यादी बंद झाली होती.

पहिल्या सामन्याला मधुरा गोलच्या मागे, जाळीपलीकडे उभी होती. "शी येन, लेफ्ट. लेफ्ट." शी येननं चार चेंडू अडवले. दोन डावीकडून गेले. संघ एक-दोननं हरला.

सामना संपल्यावर मधुरा उल्काकडे आली. "पुढच्या मॅचच्या आधी मला तिच्याबरोबर रोज अर्धा तास पाहिजे."

"घे की. आणि टेबल शनिवारी परत पाठवते, सांग आईला."

"आई म्हणते नको. जमिनीवर बसून जेवायची सवय झाली म्हणते."

"रागावलीय म्हणजे."

"थोडी. मी पण."

"असणारच."

मधुरा वाकून शी येनच्या पॅडचे पट्टे सोडायला लागली. डाव्या पॅडवरची पिवळी पट्टी सुटत आली होती, ती तिनं अंगठ्यानं दाबून बसवली.

"शनिवारी चारनंतर पाठवा," ती मान वर न करता म्हणाली. "आई तेव्हा बाहेर असते. मी असते घरी."