पायरीवरची निळी पिशवी

मी एक निळी पिशवी आहे. सातपाटीच्या जमनाबाईंनी होडीवरच्या जुन्या ताडपत्रीतून मला शिवले आणि नऊ वर्षे माझ्यातून खारी मासळी पालघरच्या बाजारात नेली. माझी शिवण एकदाही उसवलेली नाही. हे मी अभिमानाने नव्हे, माहितीसाठी सांगते.

त्या कामातून मला सोडवले त्यांच्या नातीने, उन्नतीने. ती आणि तिच्या कॉलेजातली पाच मुले दर रविवारी एका धर्मस्थळाला भेट देत, तिथल्या माणसांना प्रश्न विचारत आणि उत्तरे वहीत लिहून घेत. पहिल्याच देवळाबाहेरून त्यांच्या दोन जोड चपला नाहीशा झाल्या. त्याविषयी वहीत काही लिहिले गेले नाही. पिशवी मात्र शोधली गेली.

उन्नतीने मला साबणाने धुतले, लिंबू चोळले, दोन दिवस उन्हात टांगले. मग आजीला हुंगायला दिले.

"काय वास येत नाय," जमनाबाई म्हणाल्या.

सातपाटीत हा वास कोणालाच येत नाही. ही गोष्ट दोघींच्याही लक्षात आली नाही.

जमनाबाईंना ह्या फेऱ्या मुळीच पसंत नव्हत्या. टोपली घेऊन त्या बाजारातल्या कोणत्याही मोठ्या दाराशी टेकल्या, की कोणीतरी त्यांना पुढे सरकायला सांगे.

"आमी जल्मभर दारं भायेरनं बगितली," त्या म्हणाल्या. "तुला एका जरी दारात अडवला, तर ह्या फेऱ्या बंद."

"आणि नाही अडवलं, तर एकदा तू यायचंस."

"बगू."

मशिदीच्या पायरीवर मी बसले, गुरुद्वाऱ्याच्याही बसले. सर्व धर्मांशी माझी ओळख पायरीपुरती आहे. घाईत आलेला माणूस कोणत्याही धर्माचा असो, चपला आडव्याच टाकतो. चर्चमध्ये मुले चपला घालूनच आत गेली. त्या रविवारी मला सुट्टी मिळाली. ती मी मागितली नव्हती.

पाचव्या रविवारी जैन मंदिर होते. गटातल्या कुंदनचे आजोबा, कमलाकांत शेठ, तिथले विश्वस्त. कुंदनने महिनाभर मागे लागून त्यांची परवानगी मिळवली होती. ऊन कडक होते. सहा जोड पोटात घेऊन मी पायरीवर तापू लागले आणि लिंबाने माझी साथ सोडली.

शेठ बाहेर आले. थबकले. त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"ही पिशवी कोणाची?"

"दादाजी, कोणाची तरी राहिली असेल," कुंदन घाईघाईने म्हणाला.

उन्नतीने नुसती मान हलवली असती, तरी भागले असते.

"माझी आहे," ती म्हणाली. "खाऱ्या मासळीची. वास गेला असं वाटलं होतं. मी बाहेर थांबते, बाकीच्यांना आत जाऊ द्या."

"कुठली तू?"

"सातपाटीची."

शेठांनी रुमाल खाली घेतला. "सातपाटीला पंचवीस वर्षं मीठ देतो मी. त्याचं पुढे काय होतं, ते कधी विचारलं नाही." त्यांनी माझ्याकडे पुन्हा एकदा पाहिले. "पिशवी फाटकाबाहेर ठेव. हातपाय धू आणि आत ये. ह्यातला अर्धा वास माझाच दिसतो."

संध्याकाळी उन्नतीने सारे आजीला सांगितले.

"फाटकाच्या भायेर ठेवली?"

"पिशवी ठेवली, आजी. मला नाही."

जमनाबाई बराच वेळ वाळत घातलेली मासळी उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या मीठवाल्याला बगून येते एकदा."

पुढच्या रविवारी निघण्यापूर्वी त्यांनी मला पुन्हा धुतले, हुंगले आणि निर्वाळा दिला, "काय वास येत नाय."

सध्या मी त्याच फाटकाबाहेर, भिंतीच्या सावलीत आहे. येणारे जाणारे नाक मुरडतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. एवढीच विनंती आहे, की मला पायाने बाजूला सारू नका. आज माझ्यात सात जोड आहेत. सातवा, टाचेकडे झिजलेला, जमनाबाईंचा आहे, आणि त्या आत गेल्या आहेत.