अडुळशाला फवारा

वांग्यावर मारायचा फवारा आमचे भावजी बांधावरच्या अडुळशावर मारत होते, तेव्हाच मी म्हटलं, ह्या माणसाचं डोकं आता पार गेलं. अडुळशाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही.

"भावजी, हे काय चाललंय?"

"तुला कळायचं नाही. कॉलेजातल्या मॅडम उद्या पाला न्यायला येणारेत. खोकल्याच्या औषधाचं संशोधन चाललंय त्यांचं. भोकं पडलेली पानं देऊ का त्यांना? घराण्याची अब्रू आहे."

घराण्याची अब्रू म्हणे. सासूबाईंचा खोकून खोकून जीव जातो, पण ह्या थोरल्या लेकानं कधी त्यांची पाठ चोळली नाही. बाहेरचं माणूस दिसलं की मात्र छाती फुगलीच.

मॅडम आल्या तेव्हा मी पाण्याला गेले होते. चकचकीत पाला पोत्यात भरून त्या गेल्यासुद्धा, आणि फवाऱ्याचं भावजी एक अक्षर बोलले नसणारच. सासूबाईंचा काढा मी आपला परसातल्या बिनफवाऱ्याच्या अडुळशाचा करत राहिले.

महिन्याभरानं मॅडम परत आल्या. ओसरीवर बसल्या आणि सरळ विचारलं, "दादा, औषध माणसाला देण्याआधी आम्ही पाण्यातल्या बारीक किड्यांवर त्याचा अर्क घालून बघतो. तुमच्या पाल्यानं एक किडा वाचला नाही. अडुळशानं असं होत नाही. काही फवारलं होतं का?"

"छे, छे. आमच्या बांधाला फवारा माहीत नाही. माझी आई रोज ह्याच पाल्याचा काढा पिते."

उचलली जीभ लावली टाळ्याला. तिथं तरी थांबावं की नाही? मला हाक मारली, "अगं, बांधावरचा पाला तोड आणि काढा कर. मॅडमच्या डोळ्यांदेखत आईला पाजू."

मॅडम येणार म्हणून आदल्याच दिवशी भावजींनी परत फवारलं होतं. तोच पाला जन्मदात्या आईला पाजायला निघाला हा पुरुष. मला शिसारी आली.

मी गुमान पाला तोडला, काढा उकळला, पेल्यात गाळला. सासूबाईंनी हात पुढं केला. मी पेला भावजींपुढं धरला.

"आधी तुम्ही घ्या."

"मला कुठं खोकला आहे?"

"नसला तरी काय बिघडतंय? आई रोज पितात म्हणालात ना."

भावजींच्या कपाळाला घाम फुटला. मॅडम त्यांच्याकडंच बघत होत्या. खोकला आवरत सासूबाई म्हणाल्या, "घे की रे. आईला चालतं ते लेकाला का चालू नये?"

भावजींनी पेला घेतला, हुंगला आणि खाली ठेवला.

"कालच फवारलंय," ते पुटपुटले.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. मॅडमनी तिथूनच फोन करून आधीचा सगळा पाला टाकून द्यायला सांगितलं, आणि परसातला भोकं पडलेला पाला माझ्याकडून मागून नेला. सासूबाई लेकाशी अजून धड बोलत नाहीत.

आता मी भावजींना नुसता चहा दिला, तरी आधी माझ्या तोंडाकडं बघतात. मी काही सांगत नाही. बघू देत.