नुसता उजेड

मी एक रोलचा कॅमेरा बोलतोय. सध्या मुक्काम स्टुडिओतल्या काचेच्या कपाटात. आत येणारा जो तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "तेव्हाचे फोटो काय खरे असायचे!" मला लाजेनं मान खाली घालावीशी वाटते. पण मला मानच नाही.

माझ्या एका रोलमध्ये छत्तीस फोटो. लग्नात मात्र फोटोसाठी अख्खा मांडव हौशी. रोल उधळून परवडत नसे आणि पाहुण्यांना नाही म्हणून चालत नसे. मग आमच्या मालकांनी धंद्यातली जुनीच युक्ती उचलली. लांबचं कुणी "माझा एक काढा" म्हणत आलं, की मला डोळ्याला लावायचं, "हसा" म्हणायचं आणि फ्लॅशच्या पाठीवरचं बटण दाबायचं. नुसता उजेड पडे. माझा आतला पडदा हलतही नसे, रोलवर काहीच उमटत नसे. माणूस खूश होऊन जाई आणि मी मूग गिळून गप्प.

पुढे गिऱ्हाईक आटलं. मालकांची मुलगी म्हणाली, "बाबा, रोल धुऊन येईपर्यंत आता कुणाला दम निघत नाही. डिजिटल घ्या, नाहीतर दुकानाला कुलूप लावा." मालक हट्टी खरे, पण लेकीपुढे हरले.

डिजिटलवरचं पहिलं लग्न मिळालं. ते बिघडलं तर स्टुडिओ बंद, हे दोघांनाही ठाऊक होतं. मला आपलं 'असू दे सोबत' म्हणून खांद्याला अडकवलं होतं. प्रत्येक फोटोनंतर मालकांचा अंगठा रोल सरकवायचा खटका शोधायचा. नव्या कॅमेऱ्याला तो नव्हताच. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

जेवणं उरकल्यावर नवरीची आत्या खुर्ची ओढून बसली, केस सारखे केले. "माझा एक काढ रे बाबा."

"हसा, मावशी."

उजेड पडला. कार्डावर हवी तेवढी जागा होती, तरी बोट सवयीनं त्याच बटणावर गेलं होतं.

"दाखव की. आता लगेच दिसतात म्हणे."

कॅमेऱ्यामागच्या काचेवर आधीच्या फोटोतली जेवणाची टेबलं होती. आत्या नव्हती. शेजारी उभ्या मालकांच्या मुलीनं वडिलांकडे पाहिलं.

"नवीन कॅमेरा आहे, मावशी. अधूनमधून अडतो," मालक पुटपुटले.

"जाऊ दे रे, वाईट नको वाटून घेऊस," आत्या म्हणाली. "नवरीच्या भावाच्या लग्नातही तूच होतास. तेव्हाही किती हसले होते मी! आल्बममध्ये कुठेच नाही. माझा चेहराच फोटोत उतरत नाही."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मागेच नवरीचे वडील उभे होते. गप्प बसून निभावलं असतं. पण मालकांनी कॅमेरा खाली घेतला.

"दोष चेहऱ्याचा नाही, मावशी. कॅमेऱ्याचाही नाही. मी काढलाच नव्हता. आजही आणि तेव्हाही."

नवरीच्या वडिलांनी घरातली पुढची कामं दुसऱ्याला दिली.

मालकांनी आत्याला खिडकीजवळ बसवलं आणि खरोखरचा फोटो काढला. आत्या कितीतरी वेळ त्या काचेकडे बघत राहिली.

"अगं बाई! मी तर बरी दिसते की."

त्या दिवसापासून मी कपाटात आहे. स्टुडिओ रडतखडत चालतो. मालक आता मागेल त्याचा फोटो काढतात आणि लगेच दाखवतात.

माझं कौतुक तेवढं करू नका. तुम्हीही कधी माझ्यापुढे उभे राहिला असाल, आणि आल्बममध्ये स्वतःला शोधून थकला असाल, तर एवढं ऐकून जा. तुम्ही छान हसला होतात. डोळे मी मिटले होते.