नळीत कोंडलेली वात

मी एक जुनी वात आहे, मित्रांनो, पण मला समईत शोधू नका. मी बारीक पोलादी तारांची जाळी. चौऱ्याहत्तर सालापासून सोलापूरच्या एका तंत्रशाळेत, दोन्ही तोंडं वेल्डिंगने बंद केलेल्या नळीत अडकून पडले आहे.

माझं काम पाणी भरणाऱ्या बाईचं. नळीचं एक टोक भट्टीच्या जाळात असायचं. तिथे आतला सोडियम धातू उकळायचा, त्याची वाफ थंड टोकाला जाऊन उष्णता सोडायची आणि पुन्हा पातळ व्हायची. तो पातळ धातू छिद्रांतून शोषून मी जाळाकडे परत न्यायची. मी थांबले की तिथे नळी कोरडी पडून जळणार!

नळी बनवणाऱ्या चन्नवीर सरांनी मला आधी धुऊन लख्ख केलं. पण गुंडाळलं की मी फणकन उलगडायची. शेवटी सरांनी मला घरी आईकडे दिलं. आईंचा, शिवम्मांचा, जन्म हातमागावर कापड विणण्यात गेलेला. त्यांनी मला सुरेख गुंडाळलं आणि सुटू नये म्हणून, सुताला लावतात तशी पिठाची पातळ खळही लावली. सरांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी मला तशीच नळीत सरकवून, सोडियम भरून नळी बंद केली.

भट्टी पेटली. खळीची काजळी झाली, माझी छिद्रं बुजली. सोडियम अर्ध्या वाटेवरच अडला आणि नळीवर लालभडक डाग उठला. नळी फुटली असती तर सर भाजले असते हो! मी जिवाच्या आकांताने ओढत होते, पण ओरडायला मला तोंड कुठलं? नशीब, सरांना डाग दिसला. त्यांनी धावत जाऊन भट्टी बंद केली.

"जाळीच नासकी निघाली," ते म्हणाले. नळीवर खडूने 'बाद' लिहून त्यांनी मला कपाटात टाकलं. मला ते फार लागलं. खरं काय ते माझ्यापाशी होतं आणि मी आत कोंडलेली.

एकदा शिवम्मा सरांचा डबा घेऊन आल्या. त्यांनी नळीवरून हात फिरवला.

"आत गुदमरत असंल की रं. उगड की हिला."

"न्हाय उगडता येत, अव्वा. वारं लागलं तर आतलं पेट घेतंय."

"सुटली का काय जाळी? चांगली खळ लावून दिलती की मी."

'खळ' ऐकताच सरांनी नळी हातात घेतली. लालभडक डाग उठला होता तिथे बोट टेकवलं.

"न्हाय अव्वा," ते म्हणाले, "लई घट्ट बसलीया."

आई गेल्यावर त्यांनी अंगठ्याने 'बाद' पुसून टाकलं.

मित्रांनो, कुणाला कायमचं बंद करण्याआधी ते कुणाच्या हातून आलं आणि त्या हातांनी त्याला काय लावलं, एवढं विचारत जा. माझ्यावरचा खडू पुसला गेला, पण आतली काजळी धुवायला आता कुणालाच आत येता येत नाही.