अण्णांची काळी बाटली

चांगलं करायला जावं आणि भलतंच होऊन बसावं, ही नीरजाची जुनी खोड. दिवाळीच्या आवराआवरीत तिने बाथरूममधलं कपाट रिकामं केलं, तेव्हा तळाशी एक बाटली सापडली. आत काकवीसारखं काळंकुट्ट, दाट काहीतरी. झाकणावर बारा वर्षांपूर्वीचं साल. काळं पडलं म्हणजे नासलं, हा स्वयंपाकघरातला कायदा. तोच तिने इथे लावला आणि बाटली मोरीत उपडी केली.

तो तिच्या वडिलांचा, अण्णांचा डेव्हलपर होता. कृष्णधवल फिल्म घरीच धुण्याचं औषध. ते वर्षानुवर्षं काळं पडत जातं, पण कामातून जात नाही. अण्णा नगरपालिकेत हेडक्लार्क होते आणि वर्षाकाठी एखादाच रोल काढायचे, म्हणून त्यांनी मुद्दाम हे टिकणारं निवडलं होतं. "माझ्या मागेही पुरेल," असं ते त्या बाटलीबद्दल कौतुकाने सांगायचे. नीरजाला हे सगळं आठवलं ते मोरीत दोन तांबे पाणी ओतून झाल्यावर.

मग तिने घाबरून दुसरं केलं. इंटरनेटवर जे सगळ्यात लवकर मिळत होतं ते पावडरीचं औषध मागवलं, पाण्यात कालवलं आणि त्याच जुन्या बाटलीत भरून ठेवलं. रंग पाण्यासारखा नितळ. पण रंग बघणार कोण? काचबिंदूने अण्णांची नजर तोवर नेली होती. उजेड आणि सावली, एवढंच उरलं होतं.

आणि कॅमेऱ्यात एक रोल होता. डॉक्टरांनी डोळ्यांची आशा सोडली त्या दिवशी अण्णांनी तो भरला होता. "डोळे आहेत तोवर हिला बघून घेतो," म्हणाले, आणि वर्षभर फक्त बायकोचे, सुमतीबाईंचे, फोटो काढत राहिले. छत्तीसच्या छत्तीस. शेवटचे काही तर नुसत्या अंदाजाने, आवाजाच्या रोखाने. दर आठवड्याला ते विचारायचे, "बाटली ठीक आहे ना गं?" नीरजा म्हणायची, "हो अण्णा." असं तीन महिने चाललं. एक खोटं झाकायला रोज नवं सांगावं लागतं, आणि नीरजाची तर रात्रीची झोप उडाली होती.

संक्रांतीनंतरच्या रविवारी अण्णांनी फर्मान काढलं, आज रोल धुवायचा. भिवंडीतल्या टेमघरच्या त्यांच्या दोन खोल्यांत शेजारच्या कापडाच्या लूमची खडखड सुट्टीच्या दिवशीही थांबत नव्हती. अण्णांनी रोलची पुढची, आधीच उजेड लागलेली जीभ कापून नीरजाच्या हातात दिली आणि बाथरूममध्ये दार लावून घेतलं. मिट्ट काळोखात फिल्म चक्रीवर चढवायची म्हणजे डोळसांची फजिती; अण्णा चार मिनिटांत डबा बंद करून बाहेर आले. हसतही होते थोडे.

"सिरिंजने दहा मिली काढ. पाचशे पाणी. एकाला पन्नास," ते म्हणाले.

नीरजाने सिरिंज ओढली. दाट काकवी सावकाश चढायला हवी होती. हे सर्रकन वर आलं. तिला माहीत होतं, हे औषध एवढं पातळ केलं तर फिल्मवर काहीही उमटणार नाही. गुपचूप पाणी न घालता सगळी बाटली ओतली तर? अण्णांना कळणारही नाही. पण हे औषध हवेने मरतं, आणि अर्धीच भरलेली बाटली तीन महिने कपाटात पडलेली. त्यात जीव उरलाय की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"अण्णा, थांबा," ती म्हणाली. आणि मोरीपासून सिरिंजपर्यंत सगळं सांगून टाकलं.

अण्णांनी डबा मांडीवर घट्ट धरला.

"बाटलीचं काही नाही," ते म्हणाले. "मी दर आठवड्याला विचारत होतो. तू हो म्हणत होतीस. आता हा रोल धुतला तरी त्यात काय आलंय ते मला तुझ्याच तोंडून ऐकायचंय. ते खरं कशावरून धरू मी?"

नीरजाला इतकी लाज वाटली की तिने आईकडेही पाहिलं नाही.

"ती जीभ टाक त्यात," अण्णा म्हणाले. "उजेडातच. औषध जिवंत असेल तर दोन-तीन मिनिटांत काळी होईल."

पाच मिनिटं झाली, दहा झाली. जीभ होती तशीच राहिली.

"नाही झाली," नीरजा म्हणाली. "औषध मेलंय."

"मग टिकणारं मागव. यायला आठ दिवस लागले तरी चालतील. फिल्म डब्यात बसून राहील."

सुमतीबाई आतून म्हणाल्या, "एका रोलसाठी एवढी बाटली? लोणचं घालायचंय का?" कोणी हसलं नाही.

पार्सल निघालं आणि नीरजाचं मन थाऱ्यावर राहीना. शाळेत शिकवताना दर तासाला, पार्सल कुठवर आलं ते मोबाइलवर बघायची. चौथ्या दिवशी त्यावर 'भिवंडी' आलं, पाचव्याला 'भिवंडी', सहाव्यालाही 'भिवंडी'. अख्ख्या देशाचा माल या गावातल्या गोदामांतून पुढे जातो आणि गावातल्याच घरी एक बाटली पोहोचत नाही, काखेत कळसा म्हणतात तो हाच. शेवटी ती रिक्षा करून अंजूरकडच्या गोदामावर जाऊन धडकली. गेटवरचा भावेश नावाचा मुलगा तिथल्याच आगऱ्यांपैकी. त्याने नंबर पाहिला.

"म्याडम, तुमचा पार्सल आतमदी हाय. पन मना हतून, गेटवरून, देता येत न्हाय. उद्या घरीच येल."

"माझ्या वडिलांचं आहे हो."

"समजतंय. पन न्हाय."

ती हात हलवत परत आली. घरी अण्णांनी विचारलं, "मिळालं?" ती म्हणाली, "नाही. उद्या." त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं, आणि त्या कोरड्या "बरं"ने तिला संध्याकाळभर छळलं.

दुसऱ्या दिवशी बाटली आली. या वेळी नीरजाने आधी जीभ बुडवली; ती बघता बघता कोळशासारखी झाली. मग दहा मिली, पाचशे पाणी. अण्णा सांगत गेले, ती करत गेली. तासाभराने ओली फिल्म दोरीवर चिमट्याला लटकली. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं दिसतं, म्हणून नीरजाने मोबाइलवर एकेक चौकट उलटी करून घेतली आणि अण्णांसमोर बसली.

"पहिला?"

"धूसर आहे, अण्णा."

"दुसरा?"

"अर्धा चेहरा. बाकी फ्रिज."

"पुढे."

"हाही हललाय."

दहा झाले, पंधरा झाले. अण्णांचा चेहरा उतरत चालला. दारात उभ्या सुमतीबाई डोळे मोठे करून खुणावत होत्या, सांग ना एखादा चांगला आलाय म्हणून, तुझं काय जातंय. सांगायला किती सोपं होतं. नीरजाने मान फिरवली.

"विसावा नुसती भिंत. एकविसावा धूसर."

तिसाव्यापर्यंत एकही धड नव्हता. एकतिसाव्यावर मात्र ती थांबली.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"हा आलाय. आई पोळ्या लाटताना वर बघून हसतेय, हात पिठाचे. पापणी न् पापणी स्पष्ट."

"डाव्या डोळ्याखालचा तीळ?"

"दिसतोय. आणि एक दात किंचित पुढे."

"हो," अण्णा म्हणाले. "हसली की दिसतो." त्यांनी हात पुढे करून नीरजाचं मनगट चाचपडत धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तीस वेळा नाही म्हणालीस," ते म्हणाले, "म्हणून हा दिसतोय मला."

उरलेले पाच कसे आलेत, ते त्यांनी विचारलंच नाही.