कमरेचं कासव

आमच्या घरात बावीस जनावरं आहेत आणि एकालाही चारा लागत नाही. ती जपानी आहेत, लाकडाची, मोठ्या सुपारीएवढी: उंदीर, माकड, बेडूक, झोपलेला बैल. त्यांना नेत्सुके म्हणतात. जुन्या काळी तिकडच्या कपड्यांना खिसे नसत. बटवा दोरीने कमरपट्ट्याला लटकवायचा आणि दोरी निसटू नये म्हणून वरच्या टोकाला असं जनावर ओवायचं. मला हे पाठ आहे, कारण आमच्या ह्यांनी ते प्रत्येक पाहुण्याला चहा गार होईपर्यंत ऐकवलं आहे.

हे पांढरे हातमोजे घालून त्यांना कपाटातून काढतात आणि भिंगातून न्याहाळतात. थोरली झाली तेव्हा तिला जरा मांडीवर घ्या म्हटलं, तर म्हणाले, "माझे हात खरखरीत आहेत." मोजे तेव्हा सुचले नाहीत.

यंदा वस्तुसंग्रहालयाने घरोघरच्या संग्रहांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. निवड झाली की काचेच्या पेटीवर नाव. ह्यांनी उभा जन्म गोदामात दुसऱ्यांच्या मालावर दुसऱ्यांची नावं चिकटवण्यात घालवला. स्वतःचं एकदा कुठेतरी लागावं, एवढीच हौस. पंधरा दिवस घास गोड लागला नाही.

संग्रहालयाची बाई आली. ह्यांनी मखमल अंथरली. सूनबाईला चहा लांब ठेवायचा हुकूम झाला. बाईने एकेक जनावर उलटं करून पाहिलं.

"काका, सुबक आहेत सगळी."

मी तीन मुलींची लग्नं जमवली आहेत. 'सुबक'च्या मागे 'पण' उभा असतो.

"पण नवी आहेत. विकायलाच केलेली. दोरीची भोकं बघा, आतून करकरीत. जुन्याची कड दोरीने झिजून गुळगुळीत होते."

"खाली सही आहे ना," हे म्हणाले. "प्रत्येकावर आहे."

"तेच तर. सगळ्यांवर एकच, आणि तीही एकाच मशीनची."

ह्यांचा चेहरा पाहून मला बोलवेना. आमच्या घरात असं क्वचित घडतं. निदान बिस्किटं तरी काढावीत म्हणून मी उठले, तर बाईची नजर माझ्या कमरेवर.

"काकू, ते काय आहे?"

"किल्ल्या."

"किल्ल्यांच्या वर."

"कासव. अकरा वर्षांपूर्वी ह्यांनीच जुन्या बाजारातून आणलं. सही नाही म्हणून खोटं ठरवलं आणि खिळ्यांच्या डब्यात टाकलं. आयती दोन भोकं होती, मी दोरी ओवली. कमरेला खोचलं की किल्ल्या पडत नाहीत."

बाई डोळ्याला भिंग लावून माझ्या कमरेशी वाकली. सूनबाई तोंडावर हात ठेवून भिंतीकडे वळली.

"काकू, हे जुनं आहे. चांगलंच जुनं. आणि ज्यासाठी केलं त्यासाठीच तुम्ही वापरलंत."

"अकरा वर्षं कुठे होतं हे?" ह्यांनी विचारलं.

"माझ्या कमरेला. तुमच्या भिंगात बायको मावत नाही, त्याला मी काय करू?"

बाई म्हणाली, दिलंत तर एकट्या कासवाला पेटी मिळेल. हे मखमलीकडे बघत बसले. दिवसातून चार वेळा चहा मागणाऱ्या माणसाला कासव मागता येईना. मीही थांबले. माझं दूध काही उतू जात नव्हतं.

बाईने वही काढली. "पाटीवर नाव कोणाचं लिहू?"

"हिचं लिहा," हे म्हणाले. "मी टाकून दिलं होतं."

पुढची दहा वर्षं पुरतील एवढे टोमणे माझ्या जिभेवर तयार होते. सगळे फुकट गेले.

"दोघांचं लिहा," मी म्हटलं. "टाकायला आधी आणावं लागतं." आणि दोरीची गाठ सोडायला बसले.

प्रदर्शनात गर्दी बेताचीच होती. ह्यांनी मला पेटीसमोर उभं करून पाटी मोठ्याने वाचून दाखवली, आधी माझं नाव, मग त्यांचं. माझं नाव मला वाचता येतं, तेवढी शाळा झाली आहे. पण लग्न झाल्यापासून ह्यांनी ते तोंडाने घेतलेलं नव्हतं, सगळा कारभार 'अगं'वर चालला होता. म्हणून म्हटलं, "नीट ऐकू नाही आलं. परत वाचा."