दोन ठोके

मेकअपताईने मामांची हनुवटी दोन बोटांनी धरून वर केली आणि कपाळावरचा घाम पुन्हा टिपला. पावडर बसतच नव्हती.

"मामा, आज काय झालंय तुम्हाला? इतक्या वर्षांत कॅमेऱ्यापुढे जाताना घाम फुटलेला बघितला नाही मी."

"आज खरं बोलायचंय," मामा म्हणाले. "सवय नाही ना."

ती हसली. त्यात तिचा दोष नव्हता. मामांनी काहीही म्हटलं तरी लोक हसत. मालिकेत दर भागात ऐन जेवणाच्या वेळी ते बहिणीच्या दारात उभे राहायचे, दारावर दोन ठोके द्यायचे, "मी काही बसणार नाही हं!" असं बजावायचे आणि सरळ ताटावर जाऊन बसायचे. मालिका संपून किती काळ लोटला, पण लोकांनी मामांना त्या दारातून काही हलू दिलं नाही. थोरल्या भावाच्या अंत्यविधीला ते दोन शब्द बोलायला उठले, तर मागून कोणीतरी खुदकन हसलं होतं. बायको गेली त्या दिवशी हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये एका भल्या गृहस्थाने त्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. मामांनी चेहरा मालिकेतला केला, कारण दुसरा कुठला करायचा ते सुचेना. आता घरात बोलायला चार भिंती होत्या. त्या निदान हसत तरी नव्हत्या.

आजचा कार्यक्रम मात्र वेगळा होता. तरुणपणी मामा युद्धावर होते हे कुणीतरी शोधून काढलं होतं, आणि त्याबद्दल त्यांनी बोलावं म्हणून वाहिनीने त्यांना आग्रहाने बोलावलं होतं.

"तुम्ही अँब्युलन्स चालवायचात एवढं ऐकलंय," ताई म्हणाली.

"मी पुढे, कंपाउंडर मागे. सैन्यात यायच्या आधी कुठल्याशा दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधायचा, म्हणून त्याला कंपाउंडर म्हणायचे. आमच्या दोघांच्या मध्ये पत्रा. खिडकी नाही, फट नाही. त्याला काही सांगायचं असलं की तो पत्र्यावर ठोके द्यायचा. दोन ठोके म्हणजे जखमी जिवंत आहे, हाण गाडी. एक ठोका म्हणजे संपलं, आता सावकाश चल, त्याला धक्के नकोत. आमच्या तुकडीची पद्धतच होती तशी."

"बाई गं."

"मी विनोद सांगायचो. घसा फोडून, पत्र्यापलीकडे ऐकू जाईल असे. मागचा माणूस जागा राहावा म्हणून. एक विनोद संपला की मागून दोन ठोके. मग मी दुसरा सुरू करायचो. हॉस्पिटलपाशी पोचलं की ड्रायव्हरने उतरायचं नाही, इंजिन बंद करायचं नाही. मागच्या मागे स्ट्रेचर उतरवलं की लगेच गाडी फिरवायची. एकाचंही तोंड बघितलं नाही मी. पण अख्ख्या युद्धात एकदाही एकटा ठोका ऐकला नाही. मला वाटायचं, आपल्या गाडीत कोणी मरतच नाही. त्याच मिजाशीवर मी पुढे नट झालो."

ताईच्या हातातला पफ तसाच राहिला.

"मागच्या महिन्यात कंपाउंडर गेला. मी घरी भेटायला गेलो, तर त्याची मुलगी म्हणाली, बाबा सांगायचे, कितीतरी जण वाटेतच गेले. तरी बाबांनी दोनच ठोके दिले." मामांनी आरशातून ताईकडे पाहिलं. "युद्धभर मामा बनवलं गं त्याने मला. मग मी ते विनोद सांगत होतो कोणाला?"

ताईने पफ खाली ठेवला. तिने घाम पुन्हा टिपला.

"आज हे सगळं सांगणार आहे. त्याच्या मुलीलाही बोलावलंय. लोकांनी एकदा नीट ऐकून घ्यावं, बस."

स्टुडिओत ते आले तेव्हा लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. कंपाउंडरची मुलगी पहिल्या रांगेत बसली होती, पन्नाशीची, मांडीवर पर्स घट्ट धरून. सूत्रसंचालकाने गंभीर चेहरा करून युद्धाचा विषय काढला आणि मामांनी सुरुवातही चांगली केली. रस्त्यातले खड्डे सांगितले, पत्रा सांगितला, कंपाउंडर सांगितला.

"तो पत्र्यावर ठोके द्यायचा," ते म्हणाले आणि समोरच्या टेबलावर त्यांनी बोट आपटलं. दोनदा.

"मी काही बसणार नाही हं!" अख्खा स्टुडिओ एका सुरात ओरडला.

हास्याचा कल्लोळ उठला. सूत्रसंचालकही डोळे पुसत होता. मामा थांबले. हसू ओसरल्यावर पुढचं वाक्य बोलायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. ते ओसरलं, आणि सगळे चेहरे त्यांच्याकडे वळले, उजळलेले, आता पुढे काय म्हणून आसुसलेले. वरच्या रांगेत एक म्हातारी तर आधीच पदर तोंडाला लावून तयार होती. या लोकांना आता एक ठोका द्यायचा होता. मामांचं बोट टेबलावर टेकलं, पण उचललं जाईना.

"तर," ते म्हणाले, "एक चिक्कू माणूस न्हाव्याकडे जातो आणि विचारतो, अर्ध्या डोक्याचे किती घेणार?"

पत्र्यापलीकडे ऐकवायचे तोच विनोद, त्याच टिपेच्या आवाजात. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. फक्त पहिल्या रांगेतली ती हसत नव्हती. तिचे ओठ हलत होते. ती शिव्याच देत असणार, मामांना वाटलं, आणि त्यांनी तिकडे बघायचं टाळलं. मग दुसरा विनोद सांगितला, मग तिसरा. कंपाउंडरचं नाव पुन्हा निघालं नाही.

मेकअपच्या खोलीत ताई त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग कापसाने पुसत होती. बाहेर कोणीतरी अजून "मी काही बसणार नाही हं!" म्हणून हसत चाललं होतं.

दार उघडंच होतं. कंपाउंडरची मुलगी आत आली आणि भिंतीशी उभी राहिली.

"चुकलं माझं," मामा म्हणाले. "तुला मुद्दाम बोलावलं आणि त्याच्याबद्दल एक शब्द धड बोललो नाही. लोक हसायला लागले, मग मला ते थांबवता आलं नाही."

"बाबाही तेच म्हणायचे."

"काय?"

"मला थांबवता आलं नाही, म्हणायचे. मागे ते आणि तो गेलेला माणूस, दोघंच. एक ठोका दिला असता तर तुम्ही गप्प झाला असता. मग ते अंतर एकट्याने कापायचं कसं?" तिने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "तुमचे सगळे विनोद पाठ होते त्यांना. आम्हाला जेवताना सांगायचे. आम्ही नाही हसायचो, ते एकटेच हसायचे. आज ऐकताना माझ्याही तोंडात येत होते."

मामांनी ताईचा हात बाजूला केला. अर्धा चेहरा रंगलेला, अर्धा त्यांचा स्वतःचा. हुंदका लपवायला त्यांना एकही विनोद सापडत नव्हता.

"सांग ना एखादा," ते म्हणाले. "त्याच्यासारखा."

"मला नाही हो येत."

"तरी सांग."

ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "एक चिक्कू माणूस असतो. तो न्हाव्याला म्हणतो… नाही, थांबा. न्हावी म्हणतो, उरलेल्या अर्ध्याचे दुप्पट. अगं बाई, हे तर शेवटी येतं." ती ओशाळून थांबली. "बघा, घातला ना घोळ."

मामांनी डोळे मिटले आणि खुर्चीच्या लाकडी हातावर दोन ठोके दिले.

तिने पदराने नाक पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.